काचेवरची वाफ

१३ जून, शुक्रवार. महाड, दवाखान्याबाहेर

मुंबईत साहेबांची गाडी चालवायचो तेव्हा रोज लॉगबुक भरावं लागे. कुठून कुठे गेलो, कधी पोचलो, गाडीची तक्रार काय. नोकरी सुटली, गावी येऊन सेकंडहँड सात सीटर घेतली, तरी हाताची सवय जात नाही. सोनाआते आत मशीनवर असते तोवर मी गाडीत बसून लिहितो. लॉगबुकात घाबरलो असं लिहायला जागा नसायची. इथे आहे.

आजची तक्रार: एसीचा ब्लोअर. डॅशबोर्डच्या आत एक मोटर आणि पंखा असतो, तो फिरला की गार कोरडी हवा काचेवर येते आणि पावसात आतून धरलेली वाफ उडून जाते. आमचा ब्लोअर मे महिन्यापासून फक्त चार नंबरवर चालत होता, एक-दोन-तीनवर ढिम्म. मी म्हटलं, चालतोय ना, मग झालं. पुढे तो किरकिरायला लागला. तेव्हाही मी म्हटलं, चालतोय ना. आज वाडीच्या उतारावर, वळणाच्या तोंडाशी, कर्रर्र करून बंद पडला.

मागे आते आणि तिचे यजमान भागोजीमामा, दोघांचे कपडे ओले. बघता बघता काच पांढरी. उजवीकडे दरी आहे हे मला माहीत होतं, पण किती उजवीकडे ते दिसेना. गाडी उभी केली, रुमालाने काच पुसली, थोडा पुढे गेलो, पुन्हा पुसली. खाली वरंधच्या रस्त्याला लागलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो पावसाने नव्हे.

आतेचं सांगायला हवं. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. आता हिच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी महाडला डायलिसिस. एक खेप चुकली की अंगावर सूज, दोन चुकल्या की श्वास. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं आहे. ती राहते वर वाडीत, मी खाली गावात. मध्ये हा रस्ता. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही.

घरी बायकोला, राजश्रीला, एवढंच सांगायचं, ब्लोअर बिघडला. बाकीचं नाही.

१६ जून, सोमवार

महाडला सुनीलच्या गॅरेजवर गेलो. सुनील एसी आणि वायरिंगची कामं करतो. हात चालेल त्याच्या दुप्पट तोंड चालतं. राजश्रीला चष्मा आणायचा होता म्हणून तीही बरोबर होती.

सुनीलने समोरचा खण उतरवला आणि खालून एक बुक्की मारली. मोटर जागी झाली, घूं केलं, पुन्हा झोपली.

"बुक्की मारल्यावर उठते, म्हंजे आतला कार्बन झिजला. एक-दोन-तीन चालत नाय, म्हंजे रेझिस्टन्स पन गेला. दोनी बदला, दादा. माझं ऐका."

मोटर बाहेर काढून बॅटरीला थेट लावली. आजारी माणसासारखी कण्हली. मग पिंजऱ्यासारखा पंखा उलटा करून आपटला, तर आतून काय पडावं? भाताची फोलपटं, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आंब्याच्या पानाचा तुकडा, कुरतडलेला फोम आणि उंदराच्या लेंड्या.

"दादा, गाडीत भात कांडता काय?"

मला लाज वाटली. दसऱ्याला आपल्याकडे दारांना नवं बांधतात, भाताची लोंबी, झेंडू, आंब्याचं पान. गाडी घरचीच, तिला कसं चुकवायचं? मी ते वायपरच्या बुडाशी बांधलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. तिथेच खाली जाळी, आणि त्याच जाळीतून ब्लोअर हवा ओढतो. दाणे आत गळले, दाण्यांमागे उंदीर आला, त्याने संसार मांडला. गाडीला वर्षभर काही होऊ नये म्हणून बांधलेल्या नव्यानेच गाडीचा घास घेतला.

सुनील हसला, मीही हसलो. राजश्री हसली नाही. तिने फोलपटं आणि पाकळ्या वेचून रुमालात बांधल्या. "नवं असं उकिरड्यावर टाकू नय," म्हणाली. घरी आल्यावर तुळशीत घातलं.

नवी मोटर बसवल्यावर सुनीलला करंट तपासायचा होता. फ्यूजची पेटी स्टिअरिंगच्या खाली फार आत आहे. माझी पाठ तशी वाकत नाही आणि सुनीलचे हात ग्रीसने भरलेले. "वहिनी, तुमचा हात बारीक हाय. तो हिरवा ओढा बघू. हां, काढा. आता घाला. परत काढा." फ्यूज काढला की ब्लोअर बंद, घातला की सुरू. शेवटी ती न बघता घालायला लागली. सुनील म्हणाला, "दादा, वहिनींना माझ्याकडं कामाला पाठवा." तेव्हा कुठे ती हसली.

१७ जून, मंगळवार

पाऊस बरा होता. एक नंबरवर लावला तरी काच आरशासारखी. आते म्हणाली, "मंगेश, माझ्या पायाला गार लागतंय रे." मी म्हटलं, "लागू दे गो, आते." लिहिण्यासारखं अजून काही नाही. असे दिवस येवोत.

२० जून, शुक्रवार

उठलो तर बाहेर धो धो. राजश्री माझ्या आधी गाडीत जाऊन आलेली. "गणपतीम्होरं फूल ठेवलं," म्हणाली. डॅशबोर्डवर माझा छोटा गणपती आहे. मी बसलो तेव्हा फूल दिसलं नाही, घसरून खाली गेलं असेल.

गाडी सुरू केली. ब्लोअर मेलेला. एक, दोन, तीन, चार, काही नाही. बुक्की मारली, तरी नाही. सुनीलला फोन केला. "फ्यूज बघू का?" म्हटलं. तो म्हणाला, "फ्यूज मी नवा टाकलाय, तो जळनार नाय. तुम्ही उगा हात घालू नका. उघडीप झाली की गाडी आना."

राजश्री दारात उभी होती. "मंग वर जाऊ नका. फाट्यावर थांबा, वाडीतली मानसं आतेला डोलीनं आनतील. आमच्या लहानपनी काय गाड्या व्हत्या?"

बोलणं बरोबर होतं. मामांना फोन केला आणि फाट्यावर जाऊन थांबलो.

डोली आली. खुर्चीला दोन वासे बांधलेले, वर प्लास्टिक. वाडीतले हातापायांनी धड तेवढे सगळे मुंबईत, मग उचलणार कोण? पुढे भागोजीमामा आणि सोमा, दोघेही साठीच्या पुढचे. मागे दोन बाया, साड्या खोचून. शेवटच्या उतारावर सोमाचा पाय सरकला आणि डोली कलली. आते ओरडली नाही. तिने नुसते डोळे मिटले. जवळ आली तेव्हा ओठ काळेनिळे, प्लास्टिक असूनही चिंब भिजलेली, आणि मलाच म्हणते, "तुला लय वेळ थांबाय लागलं रे."

संध्याकाळी राजश्रीने विचारलं, वर गेलात का? म्हटलं, नाही, फाट्यावरच थांबलो. तिचा चेहरा मोकळा झाला. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

मी नाही जेवू शकलो. आतेला परत त्या खुर्चीत बघायची माझी तयारी नाही.

२१ जून, शनिवार

उघाड. सुनीलकडे गेलो, किल्ली फिरवली, आणि ब्लोअर सुरू! त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच पिऊन आलोय. तासभर चालू ठेवला, एकदाही बंद पडला नाही. डॉक्टरच्या दारात गेलं की दुखणं थांबतं तसं.

निघताना राजश्रीला सांगायचं राहून गेलं, सकाळी गाडी आतून पुसून ठेवली होतीस, छान केलंस.

२४ जून, मंगळवार

पुन्हा धो धो. पुन्हा फूल. पुन्हा ब्लोअर मेलेला.

राजश्रीला म्हटलं, फाट्यावर थांबतो. आणि फाट्यावरून गाडी वर घेतली.

निघताना टोपलीतला एक बटाटा खिशात टाकला होता. जुने ड्रायव्हर बटाटा कापून काचेला आतून चोळतात, वाफ धरत नाही. खरं आहे, पण दोन वळणांपुरतंच. मग दोन्हीकडच्या काचा उघड्या टाकून डोकं बाहेर काढलं. पावसाचे थेंब डोळ्यांत खड्यांसारखे बसत होते. वरून बारीक माती वाहत येत होती. दर वळणाला वाटायचं, इथे रस्ता आहे हे मला कोणी सांगितलं?

परत येताना आतेने विचारलं, "मंगेश, दिसतंय ना रे?"

"दिसतंय गो, आते."

काही दिसत नव्हतं. डोंगराची बाजू तेवढी काळी वाटत होती, तिला धरून उतरलो.

मामांना सांगितलं, आमच्या घरी काही बोलू नका, हिला काळजी लागते. मामा म्हणाले, "मी कशाला बोलू? तू आलास ह्येच लय झालं."

संध्याकाळी राजश्रीने विचारलं. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. "फाट्यावरच थांबलो होतो," तोंडातून गेलं.

२६ जून, गुरुवार

सुनीलने निदान केलं. उघडिपीत चालतो, पावसात मरतो, म्हणजे कुठून तरी पाणी शिरतंय. जाळीच्या खाली रबर फाटलंय, तिथून थेंब जोडावर पडतो. त्याने जोड साफ केले, पांढरी पेस्ट भरली, टेप गुंडाळली, वर एक प्लास्टिकची टोपी बसवली. "आता समुद्रात घाला गाडी," म्हणाला.

घरी येऊन राजश्रीला सगळं समजावून सांगितलं, पाणी कसं येतं, जोड कसा ओला होतो. ती भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "पान्यानंच व्हतंय, असं सुनील म्हनला?" म्हटलं, हो, मग काय? म्हणाली, "त्याला म्हाईत असंल." गाडीतलं तुला नाही कळायचं, असं मी म्हणणार होतो, पण म्हटलं नाही. उगाच कशाला दुखवा.

एवढं मात्र म्हणाली, "टोपलीतलं बटाटं कमी झालं." मी म्हटलं, उंदीर असेल.

२७ जून, शुक्रवार

आकाश स्वच्छ. ब्लोअर चालला. आज गणपतीला फूल नव्हतं. देवालाही पावसातच फूल लागतं वाटतं. आते गाडीत झोपली, मीही दवाखान्याबाहेर झोपलो. सुनील जिंकला.

१ जुलै, मंगळवार. दवाखान्याबाहेर

सुनील हरला.

पाऊस, फूल, ब्लोअर मेलेला. टेप, पेस्ट, टोपी, सगळं जागच्या जागी आणि मोटर मुकी. आता मला वाटायला लागलं आहे की हे यंत्राचं काम नाही. नवं उचकटलं त्याचं काही असेल का? मुंबईत पंचवीस वर्षं काढलेला माणूस मी, असं लिहिताना लाज वाटते. पण वाटतं ते वाटतं.

येताना मोठ्या वळणावर अंदाज चुकला. डावीकडे डोंगर अगदी लागून आलाय समजून जरा उजवीकडे घेतली. पुढचं चाक कशावर तरी चढलं. कडेला पांढरे रंगवलेले दगड आहेत, त्यातला एक. तो सुटला. तो खाली जाताना मी ऐकला. आपटला, मग काही नाही, मग पुन्हा आपटला, मग कितीतरी वेळाने एकदा. मी ब्रेकवर उभा होतो.

"काय झालं रे?" मामा म्हणाले.

"खड्डा."

आतेने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली येईपर्यंत काढला नाही.

बंपरला पांढरा ओरखडा आहे. राजश्रीला सांगेन, दवाखान्याच्या दारात रिक्षा घासली.

३ जुलै, गुरुवार

रिक्षाचं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. बोटाने ओरखडा पुसून बघितला, तेवढंच.

जेवताना म्हणाली, "पावसाचे दोन म्हयने आतेला म्हाडात खोली घेऊन नाय ठेवता येनार?" म्हटलं, विचारलंय. मामांना आणि शेरडांना सोडून ती येत नाही. म्हणते, मरायचंच तर माझ्या ओट्यावर.

"आनि तुमी?"

"मी काय?"

"तुमी फाट्यावरच थांबता ना?"

"थांबतो म्हटलं ना."

ती उठून मोरीत गेली आणि भांडी फार वेळ घासत बसली. तळीये गावावर दरड कोसळली त्या वर्षापासून हिला पावसात झोप नाही. चुलतबहीण तिकडे दिलेली होती. ढग गडगडला तरी उठून बसते, मग मी झोपेचं सोंग घेतो, कारण मीही जागाच असतो. त्यावर आमच्यात बोलणं होत नाही. मुलीचा, अक्षदाचा, पनवेलहून फोन येतो तेव्हा दोघंही सांगतो, इकडे पाऊस बेताचाच आहे.

मला वाटतं, ती माझ्यावर चिडली आहे. आतेपायी मी घरचं बघत नाही म्हणून असेल. गाडीची मात्र तिला हल्ली फार माया. मी येऊन बसलो की लगेच फडकं घेऊन जाते.

४ जुलै, शुक्रवार

रिमझिम. ब्लोअर चालला. सुनीलने आणखी एक डबी बदलून दिली, तिला रिले म्हणतात. विश्वास नाही. काल अंथरुणात पडल्यावर सारखा तो दगड ऐकू येत होता.

८ जुलै, मंगळवार. दवाखान्याबाहेर

लगेच लिहितो, नाहीतर उद्या खोटं वाटेल.

पहाटेपासून फोनवर अलर्ट वाजत होते. रायगडला रेड. अंगणातून नदी वाहावी तसं पाणी. राजश्री गाडीत जाऊन आली, फूल ठेवलं म्हणाली. मी किल्ली फिरवली. ब्लोअर मेलेला. आज तर मला आश्चर्यही वाटलं नाही.

तेवढ्यात मामांचा फोन. त्यांना ताप भरला होता, उठवत नव्हतं. आतेला धरून गाडीत आणायला आणि दवाखान्यात जवळ बसायला आणखी एक माणूस पाहिजे. मी राजश्रीकडे बघितलं आणि म्हटलं, आज आपण नकोच जाऊया, शुक्रवारी बघू. ती म्हणाली, "सुजली असंल ती. मी येते. फाट्यावर तं थांबायचं हाय." आणि छत्री घेऊन पुढे येऊन बसली.

फाट्यावर गाडी उभी केली. वायपर फिरत होते. कोणी येत नव्हतं, आणि कोणी येणार नव्हतं हे एकट्या मलाच माहीत होतं.

"डोली कदी येनार?"

मी वायपरचा वेग वाढवला.

"अवो, डोली?"

"डोली येत नाही," मी म्हटलं. "एकदाच आली. ती बघवली नाही मला. त्यानंतर मीच वर जातो."

"ब्लोअर बंद असताना?"

"बंद असताना."

"कसं दिसतं?"

मी खिशातून बटाटा काढला. ती त्या बटाट्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता दार उघडून उतरेल. उतरली नाही. पदर तोंडाशी धरून बसली. मी काच चोळली, खिडकी उघडली आणि गाडी वर घातली.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला काच गेली. बाहेर डोकं काढलं तर पाऊस आडवा. डोंगराकडून लाल पाणी रस्ता ओलांडत होतं, त्याचा आवाज गाडीच्या खालून येत होता. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मोठ्या वळणावर गाडी अगदी रांगत नेली. वर जाताना दरी तिच्या बाजूला, ती उघड्या खिडकीतून वाकून दरीच्या कडेला बघत होती.

"हितला दगड कुठं गेला?"

"कुठला?"

"रंगवलेलं सगळं हायत. येकच नाय." मग आवाज बदलला. "रिक्षानं नाय ना घासलं त्ये?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"गाडी थांबवा."

थांबवली. हँडब्रेक ओढला. तिने पोलक्यातून छोटं पाकीट काढलं. त्यातून हिरवं काहीतरी बोटांत धरून ती माझ्या पायांवरून वाकली आणि हात स्टिअरिंगच्या खाली घातला. तिला बघावं लागलं नाही. टक असा आवाज आला आणि ब्लोअर सुरू झाला.

एवढा मोठा आवाज वाटला तो. चार नंबरवरच होता ना. काचेच्या बुडाला आधी एक काळी फट दिसली, मग ती वर वर सरकत गेली आणि रस्ता दिसला. रस्ता होता. माझ्या चाकापासून हातभर अंतरावर संपत होता, पण होता.

मी तिच्याकडे बघितलं. ती खालीच वाकलेली, डोकं माझ्या गुडघ्यावर टेकवलेलं, आणि रडत होती.

"मला वाटलं, ह्यो नसला की तुमी वर जात नाय. तुमी म्हनलात, फाट्यावर थांबतो. मी त्या बळावर जेवत व्हते वो. मीच तुमाला..."

मला राग यायला हवा होता. शोधून बघितला, सापडला नाही. मी पहिल्याच दिवशी घरी जाऊन खरं सांगितलं असतं तर तिने दुसऱ्यांदा त्या हिरव्या फ्यूजला हात लावला असता का? तिने मला घरी ठेवायला आंधळं केलं आणि मी तिला झोप लागावी म्हणून तिला. दोघंही एकमेकांना वाचवत होतो आणि दोघांच्या मध्ये आतेला बसवून कड्यावरून नेत होतो.

"मला फार भीती वाटते इथे," मी म्हटलं. "दर वेळेला वाटते." लग्नाला एवढी वर्षं झाली, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"मंग सांगाचं नाय?" ती म्हणाली.

वर गेलो. आतेला उचलून आत बसवली. पाय खांबासारखे झाले होते. उतरताना एका वळणापुढे रस्त्यावर माती आणि धोंडे आलेले, नुकतेच, अजून बारीक खडे ओघळत होते. स्वच्छ काचेतून लांबूनच दिसले. थांबलो. राजश्री उतरून पुढे झाली, वर डोंगराकडे एक नजर ठेवून हाताने मला बोलावत राहिली, इकडे, आणखी इकडे, आणि कडेच्या मोकळ्या पट्टीतून मी गाडी काढली. हीच माती मागच्या मंगळवारी आली असती तर काय झालं असतं ते लिहीत नाही. आज ब्लोअर बंदच असता तर काय झालं असतं तेही लिहीत नाही.

ती परत येऊन बसल्यावर आते मागून म्हणाली, "आज दिसतंय वाटतं तुला."

"रोजच दिसतं गो, आते."

"गप. मी काय आंधळी व्हय?"

आता दोघी आत आहेत. सुनीलचा फोन आला होता, नवीन रबर मिळालंय म्हणाला. त्याला काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

११ जुलै, शुक्रवार. दवाखान्याबाहेर

काल आमचं ठरलं. रेड अलर्ट आला तर आदल्या दिवशी आतेला मामांसकट आमच्या घरी आणायचं. शेरडं सोमा बघेल. आते कुरकुरली, पण राजश्रीने तिच्यापुढे त्या पांढऱ्या दगडाची गोष्ट काढली आणि मग ती तयार झाली. बाकीच्या पावसात जायचं. दोघांनी जायचं.

सकाळी पाऊस होता. उठलो तर राजश्री माझ्या आधी गाडीत. माझी नजर आधी स्टिअरिंगच्या खाली गेली, खोटं कशाला लिहू. दार उघडून बसलो. ती पुढच्या सीटवर, पर्स मांडीवर, छत्री पायाशी. माझ्याकडे बघेना.

मी किल्ली फिरवली. हवा आली.

गणपतीपुढे तगरीचं फूल होतं. हवेने हलत होतं.